ओवेन बचाव नेहमीसाठी स्वीकारावा का?

मुलुंडचा घोडा:
दादरच्या एका जलद बुद्धिबळ स्पर्धेत १.ई४ ला बी६ असे उत्तर देऊन, म्हणजे ओवेन बचाव खेळून, मी काळ्या मोहऱ्यांनी जिंकलो. पुढे २.डी४ उंट बी७ ३.घोडा सी३ ई६ ४.घोडा एफ३ उंट बी४ ५.उंट डी३ घोडा एफ६ असे झाले. प्रतिस्पर्ध्याने ६.ई५ ढकलताच माझा घोडा डी५ वर बसला, सी३ वर दुहेरी दाब आला आणि सी पट्टीवर एकामागे एक अडकलेली त्याची प्यादी अंत्यपर्वात माझ्या हाती लागली. क्लबातील जाणत्यांच्या मते मात्र पटाचा मध्य सोडून देणे काळ्याला परवडत नाही. दीर्घ वेळेच्या डावातही हा बचाव खेळावा का?

पार्लेकर:
अवश्य खेळावा, परंतु आपल्या प्रतिस्पर्ध्याने आपल्याला हवी तीच वाट धरली होती, हे ध्यानात घ्या. खरी परीक्षा ३.उंट डी३ या चालीची आहे, कारण त्यात ई४ चे प्यादे राखले जाते आणि बी४ वरून जखडण्यासाठी सी३ वर घोडाच नसतो. तेथे ३...ई६ (तीन टिंबे म्हणजे काळ्याची चाल) ४.घोडा एफ३ सी५ ५.सी३ घोडा एफ६ असे खेळून डी४ वर सतत दाब ठेवावा. मध्य आपण सोडलेला नसतो, त्यावरचा हल्ला फक्त लांबवलेला असतो. म्हणून सी५ ला उशीर झाला, तर जाणत्यांचे म्हणणे खरे ठरते. पांढऱ्याने ई५ ढकलल्यास संधी साधून उंट ए६ वर न्यावा, कारण किल्लेकोट केल्यावर एच७ वर डोळा ठेवणारा त्याचा डी३ चा उंट पटावरून गेलेलाच बरा.

३.उंट डी३ नंतर ३...एफ५ हा मोह मात्र टाळा (× म्हणजे मारणे). ४.ई×एफ५ उंट×जी२ ५.वजीर एच५ शह जी६ ६.एफ×जी६ घोडा एफ६ ७.जी×एच७ शह घोडा×एच५ ८.उंट जी६ मात, हा सापळा सतराव्या शतकातील इटालियन बुद्धिबळपटू ग्रेकोपासून प्रसिद्ध आहे आणि मुलांच्या शिबिरांतही शिकवला जातो.

वजिरामागे:
ज्यांच्या नावाने हा बचाव ओळखला जातो, त्या इंग्लिश खेळाडू ओवेन यांनी १८५८ मध्ये याच बचावाने अमेरिकन दिग्गज मॉर्फीला हरवले होते, आणि १९८० मध्ये स्वीडनमधील स्कारा येथे इंग्लिश ग्रँडमास्टर माइल्स यांनी तर १...ए६ खेळून विश्वविजेत्या कार्पोव्हवर मात केली. तरीही दीर्घ डावांसाठी कारो-कानसारखा (१.ई४ ला सी६) भक्कम बचाव मुख्य ठेवावा आणि ओवेन जलद स्पर्धांपुरता राखावा, असे माझे मत आहे.

पार्लेकर:
मला दोन्हीकडे ओवेनच चालतो. फक्त १.डी४ ला बी६ खेळणार असाल, तर २.सी४ नंतरच्या डावाची तयारी वेगळी करा.