मदत हवी आहे: वजनामुळे मुलाचं किडनी प्रत्यारोपण अडलंय

मुलगा अडीच वर्षांचा आहे. जन्मतःच मूत्रमार्गात लघवी अडवणारी झडप होती, त्यामुळे दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दहा महिन्यांपासून रोज रात्री घरी पोटाचं डायलिसिस चालू आहे. किडनी मी देणार आहे, रक्तगट जुळतो, क्रॉसमॅच (त्याच्या रक्तात माझ्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आहेत का, ही चाचणी) निगेटिव्ह आला. अडलंय ते वजनापाशी. मोठ्या माणसाची किडनी पोटात मावायला आणि तिला पुरेसा रक्तपुरवठा व्हायला निदान १० किलो हवं, असं डॉक्टर म्हणतात. त्याचं ८.६ आहे आणि चार महिने काटा जागचा हललेला नाही.

नाकातल्या नळीने रात्रभर हळूहळू फीड देऊन पाहिलं, पण पहाटे उलटी होतेच. आहारतज्ज्ञांनी उष्मांक वाढवून दिलेत, रक्तातलं बायकार्बोनेट (ते कमी असलं की रक्तात आम्ल वाढतं आणि वाढ खुंटते) आता ठीक आहे, ग्रोथ हॉर्मोनही सुरू आहे. मूत्राशयाची तपासणी झाली, त्याची अडचण नाही. गोवर आणि कांजिण्यांच्या लशी प्रत्यारोपणानंतर सहसा देता येत नाहीत, म्हणून त्या आधीच उरकल्या. रक्त चढवणंही शक्यतो टाळतोय, अँटिबॉडी तयार झाल्या तर माझी किडनीसुद्धा चालायची नाही.

आता पोटातून थेट जठरात नळी बसवायचा विचार आहे. डायलिसिसची नळी आधीच पोटात असल्यामुळे जंतुसंसर्गाची मला फार भीती वाटते. डॉक्टरांशी पुढच्या आठवड्यात बोलणार आहोत.

डायलिसिस चालू असताना कुणाच्या मुलाला अशी नळी बसवली आहे का? त्यानंतर पोटाचं डायलिसिस किती दिवस थांबवावं लागलं, मधल्या काळात काय केलं, आणि वजन खरंच वाढलं का?