चालत पाण्यात शिरून केलेलं डायव्हिंग : तुमचे अनुभव सांगा

निळाई :
काल माळा आवरायला घेतला. एका पिशवीत डायव्हिंगचे जुने रबरी बूट सापडले. उलटे धरून झटकले, तर फरशीवर चिमूटभर काळी वाळू पडली. तुलांबेनची. केरसुणी बाजूला ठेवून मी तिथेच बसून राहिले.

तुलांबेन म्हणजे बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरचं गाव. २०१६ साली मी आणि नवरा सहा दिवस राहिलो होतो. बोटीत पाऊलही ठेवलं नाही. खोलीतून निघायचं, हवेची टाकी पाठीवर घ्यायची आणि समुद्रात चालत जायचं. किनाऱ्यावर आगुंग ज्वालामुखीचे काळे गोटे, काही नारळाएवढे. लाट मागे फिरली की सगळे एकदम खडखडतात. पहिल्या सकाळी तो आवाज ऐकूनच माझे पाय थबकले. डाइव्हमास्टर म्हणाला, घाई नको, आधी लाटा बघ. मोठ्या तीन-चार येऊन गेल्या की जरा उसंत मिळते, तेव्हा निघायचं. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (टाकीतली हवा घ्यायची नळी) तोंडात, म्हणजे पडलीस तरी श्वास चालू. फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) हातात धरायच्या आणि कमरेएवढ्या पाण्यात एकमेकांच्या खांद्याला धरून चढवायच्या.

मग थोडंच पोहून गेलं की खाली थेट जहाज! लिबर्टी. अमेरिकी लष्कराचं मालवाहू. ११ जानेवारी १९४२ ला जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, बुडू नये म्हणून ओढत इथे किनाऱ्याला लावलं. एकवीस वर्षं तिथेच पडून होतं. १९६३ मध्ये आगुंगचा उद्रेक झाला, त्या हादऱ्यांनी ते पाण्यात घसरलं. सुमारे १२० मीटर लांब, वरचा भाग ५ मीटरवर, खालचा ३० च्या आसपास. पोलादावर आता प्रवाळ आणि समुद्रपंखे.

पण डोळ्यांसमोर पहिल्यांदा येतात त्या टाक्या वाहणाऱ्या बायका. डोक्यावर कापडाची चुंबळ, तिच्यावर आडवी टाकी, पायात साध्या सपाता. आम्ही मोकळ्या हातांनी त्या गोट्यांवर तोल सावरत होतो आणि त्या बोलत बोलत पुढे निघून जात होत्या. एकीने माझा हात धरून मला पाण्यापर्यंत नेलं. तिचा तळवा माझ्या अजून लक्षात आहे, खरखरीत आणि कोरडा.

तुम्ही कुणी असं किनाऱ्यावरून गेला आहात का? कुठलंही बेट चालेल. लिहा.

गंधा_पुणे :
अगं आम्ही ऑक्टोबरात जातोय!! ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स) नुकतंच झालंय. सविस्तर लिही ना, किती दिवस ठेवू? ऑफिसात आहे, संध्याकाळी नीट वाचते.

खारावारा :
पहाटे जा. सहाच्या आधी पाण्यात. कपाळावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे रात्री त्या जहाजातच झोपतात, उजाडता उजाडता कळपाने बाहेर पडतात. एकेक मीटरभर लांब. नऊनंतर दक्षिणेकडून गाड्या भरभरून माणसं येतात, मग माशांपेक्षा फिन्सच जास्त दिसतात.

सुमतीकाकू :
मी पाण्यात उतरले नाही, पण लिहिते. लेक-जावई डायव्हिंग करतात, मी तीन दिवस किनाऱ्यावर बसले होते. त्या बायकांशी खाणाखुणांनी बोलले. एकीने मला चुंबळ वळून दाखवली, मी तिला माझी दाखवली. लहानपणी विहिरीवरून दोन घागरी आणायचे, हात विसरला नव्हता. दोघींची वळायची रीत अगदी सारखी निघाली. ती खूप हसली आणि तिने मला तिच्या डब्यातलं केळं दिलं. भाजी चिरायची राहिली आहे, नंतर लिहिते.

निळाई :
काकू 🙏 हे वाचून डोळे भरून आले.

अॅम्स्टरडॅमकर :
बोनेर. कॅरिबियनमधलं डच बेट. तिथे पिकअप भाड्याने घ्यायची, मागे टाक्या टाकायच्या आणि रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड शोधत जायचं. दगडावर जागेचं नाव. थांबा, तयारी करा, उतरा. १९७९ पासून भोवतालचा समुद्र राखीव. हातमोजे घालायला बंदी, म्हणजे कुणी प्रवाळाला हात लावायला धजत नाही. आपल्याकडेही हा नियम हवा असं मला मनापासून वाटतं.

मालवणचो :
आमच्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बोटीनेच नेतात. पावसाळ्यात सगळं बंद. पण हातमोज्यांचं बरोबर बोललात. लोक फोटोसाठी प्रवाळावर उभे राहतात, बघून जीव तुटतो. माझे वडील मासेमार, ते म्हणायचे, खडक हे माशाचं घर, घरावर पाय देऊ नये.

रेवती_ठ :
अंदमान, स्वराज द्वीप (तेव्हा हॅवलॉकच), निमो रीफ. तोही किनाऱ्यावरूनच. पहिलाच डायव्ह, सर्दी होती ती लपवली. ३ मीटरवर कानात सुई खुपसल्यासारखं झालं. प्रशिक्षकाने लगेच ओळखलं, वर आणलं आणि त्या दिवशी परत नेलं नाही. तेव्हा रडले, आज त्याचे आभार मानते. गंधा, सर्दी असेल तर उतरू नकोस. पैसे गेले तरी चालतील.

खारावारा :
+१. कान जबरदस्तीने मोकळे करायचे नाहीत. दुखण्याआधीच, दर मीटरला हळूच.

पद्मजा_नाशिक :
शाकाहारी लोकांनी जेवणाचं काय केलंत?

निळाई :
टेम्पे! आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तळून अप्रतिम. पण सांबलमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, कोळंबीचं तेरासी घालतात, म्हणून "तान्पा तेरासी" (तेरासी नको) सांगायचं.

पद्मजा_नाशिक :
टेम्पे घरी करता येतं का? विरजण कुठे मिळतं?

सुमतीकाकू :
माझी लेक करते, विचारून सांगते.

शके_संवत :
विषय थोडा वेगळा. आमचे बालीतले दिवस न्येपीत, म्हणजे तिथल्या हिंदूंच्या मौनाच्या नववर्षदिनी आले. त्या दिवशी २४ तास विमानतळसुद्धा बंद, रस्त्यावर माणूस नाही, डायव्हिंगचा प्रश्नच नाही. हॉटेलच्या बागेत बसून होतो. तारीख २२ मार्च २०२३, आपला पाडवा! तिथल्या माणसाने सांगितलं, नवं वर्ष शके १९४५. मी फोनवर आईला विचारलं, ती पंचांग बघून म्हणाली, आपलंही १९४५. अंगावर काटा आला. (दर वर्षी दोन्ही सण एकाच दिवशी येत नाहीत.) रात्री दिवे बंद, आकाश इतकं भरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

गंधा_पुणे :
आले वाचून. पाच दिवस तुलांबेन, मग बातूर ज्वालामुखीचा ट्रेक सूर्योदयाचा, असं ठरवलंय. बरोबर?

खारावारा :
थांब! बातूर १७०० मीटरच्या वर आहे. डायव्हनंतर त्याच रात्री चढायचं नाही. शरीरातला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, उंचावर दाब कमी म्हणजे विमानासारखाच धोका. रोज डायव्ह केलेत तर निदान १८ तास जाऊ देत. ट्रेक आधी कर, डायव्हिंग नंतर, आणि शेवटचा दिवस कोरडा.

गंधा_पुणे :
बापरे, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आजच बदलते. बूट विकतचे घेऊ की तिथे भाड्याने मिळतील?

निळाई :
भाड्याचे घेऊ नकोस. मला पहिल्या दिवशी फाटक्या तळाचे दिले होते, गोटा थेट टाचेला लागला. तळ जाड हवा. माझे ३८ नंबरचे आहेत, बसत असतील तर घेऊन जा. शनिवारी कोथरूडला आहे मी. आणि त्या बायका भेटल्या तर काकूंच्या चुंबळीची आठवण सांग.