मदत हवी आहे: द्राक्षवेलीचीच ताकद कशी वाढवावी?

मंडळी, इंदूरला रामबागेत आमच्या अंगणात आजोबांनी लावलेली द्राक्षाची वेल आहे. पावसाळ्यात दरवर्षी केवडा रोग येतो: पानावर तेलकट पिवळे डाग, पान उलटलं की पांढरी बुरशी. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारते, पण नातवंडं मांडवाखालीच खेळतात, म्हणून फवारे कमी करायचेत. कायटोसान (वेलीची प्रतिकारशक्ती जागवणारं द्रव्य) दिलं की वेल स्वतःच रेझव्हेराट्रॉलसारखी बुरशीला रोखणारी द्रव्यं बनवते. मात्र ते रोग दिसण्याआधीच द्यावं लागतं. मग पहिली फवारणी मृगाआधी करू की नवी फूट आल्यावर? पुन्हा किती दिवसांनी? पण कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून करतात, सासूबाईंना चालायचं नाही. त्याऐवजी तसंच काम करणारं समुद्रशैवालातलं लॅमिनारिन कोणी वापरलंय का? अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा. वेल फार जुनी आहे हो, गमवायची नाहीये.