मुखवटा ‘घालायचा’ की ‘बसवायचा’?

अलकापुरी, वडोदरा
माझी भाची इथे फाइन आर्ट्‌सला मूर्तिकला शिकते. कर्करोगात किंवा अपघातात ज्यांचं नाक, गाल, डोळ्याचा भाग गेला त्यांच्यासाठी सिलिकोनचा, रोज वापरता येईल असा चेहरा ती करते आहे. प्रदर्शनातल्या पाटीवर गुजराती-इंग्रजीबरोबर मराठीही हवं म्हणते. मी ‘मुखवटा’ सुचवलं, तर म्हणाली, “मावशी, मुखवटा म्हटलं की लबाडी आठवते.” ‘कृत्रिम मुखांग’ म्हणावं तर सरकारी अर्जातला रकाना वाटतो. सुचवा काहीतरी.

रावपुरा, वडोदरा
गुजरातीत मुखवट्याला महोरुं. पण तो शब्द मराठीत आणला तर बुद्धिबळ सुरू होईल, आपल्याकडे मोहरा म्हणजे सोंगटी. हां, ‘मोहरा वळवला’ म्हणतो तेव्हा तोंडाचा अर्थ अजून शिल्लक आहे म्हणा. सयाजीरावांच्या काळात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला, एकेका शब्दाला आठ भाषा. पण तो पडला कारभाराचा कोश, त्याच्याकडे नाक कुठून मागायचं!
कवळीच्या चालीवर काही जमेल का?

दांडिया बाजार, वडोदरा
ताई, भाचीला एक विचारा, घरी महालक्ष्म्या येतात तेव्हा आपण काय म्हणतो? मुखवटे ‘बसवले’. ‘घातले’ किंवा ‘चढवले’ कोणी म्हणत नाही. खाली कोठी असते, साडी नेसवलेली, तिला चेहरा नसतो. मुखवटा बसला की आमची आई म्हणायची, “आल्या.” तिथे तो काहीच लपवत नाही, नसलेलं तोंड देतो. खंडोबाचा मुखवटा घ्या, तेच.
लबाडीचा अर्थ वर्तमानपत्रांनी चिकटवला. ‘मुखवटा गळून पडला’, ‘सभ्यतेचा मुखवटा चढवून’ वगैरे. लपवण्यासाठी आपल्याकडे बुरखा होता, फसवण्यासाठी सोंग होतं. सोंग आणतात, घेतात, वठवतात. ते सोडून बिचाऱ्या मुखवट्याला धरलं. तेव्हा शब्द तोच ठेवा, क्रियापद बदला.

रावपुरा
काका, मुद्दा पटला, पण वापरणारा काय म्हणेल? कवळी हा डॉक्टरांचा आणि आपला शब्द. आमचे आजोबा कधी “माझी कवळी दे” म्हणाले नाहीत. “माझे दात कुठे ठेवलेस?” तसं नुसतं नाक असेल तर तो माणूस ‘माझं नाक’च म्हणणार. त्याला मुखवटा म्हणालात तर दुखावेल.

अलकापुरी
भाचीशी बोलले. काकांचं महालक्ष्म्यांचं ऐकून गप्प बसली, म्हणजे पटलं.
तिच्याकडून इतर शब्दही काढून घेतले. वर्गात सगळे मोल्ड, कास्ट, पीओपी म्हणतात. घरी मात्र ती म्हणाली, आधी चेहऱ्याचा ‘साचा’, मग गेलेला भाग मातीत ‘घडवायचा’, उरलेल्या बाजूकडे बघत बघत. मग सिलिकोन ‘ओतायचं’. रंग नुसता वरून फासत नाहीत, आतच थरांत कालवतात, कारण कातडीचा रंगही आतूनच येतो. भुवया आणि मिशीचा एकेक केस सुईने ‘रोवतात’. अवघड काम कडांचं. त्या पातळ होत होत ‘विरल्या’ पाहिजेत. मला हा विरण्याचा वापर इतका आवडला की मी तिला शाबासकी दिली, तिला कळेना कशाबद्दल.
मुखवटा बसतो तो डिंकासारख्या वैद्यकीय चिकटीने, चष्म्याच्या आधाराने, नाहीतर हाडात रोवलेल्या खुंट्यांवर लोहचुंबकाने. तेव्हा ‘बसवणे’ अक्षरशः बरोबर!

दांडिया बाजार
चष्म्यावरून आठवलं. पहिल्या महायुद्धात लंडनच्या रुग्णालयात डरवेंट वुड नावाचा शिल्पकार तोंड उडालेल्या सैनिकांना धातूचे मुखवटे करून देई. त्याच्या विभागाचं लांबलचक नाव कोण घेतो! सैनिकांनी ठेवलेलं नाव ‘पत्र्याच्या नाकांचं दुकान’. पुढे ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकार बाईंनी पॅरिसमध्ये तेच काम केलं. जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं तांबं, चष्म्याच्या काड्यांवर अडकवलेलं. रंगवायच्या मात्र त्या माणसाच्या तोंडावर बसवूनच. ऊन असताना एक छटा, ढगाळ हवेत दुसरी, म्हणून मधली निवडायच्या. दाढी केलेल्या गालाची निळसर झाकसुद्धा आणत. पण तांबं हसत नाही.

रावपुरा
आणि आमच्या पुण्याकडचा कावसजी गाडीवान विसरू नका! टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलं, पुण्याजवळच्या एका वीटकाऱ्याने कपाळाच्या कातडीचं नवं केलं. लंडनच्या मासिकात १७९४ साली छापून आलं. आधी मेणाचं पातळ नाक बसवून बघायचं, ते उलगडून कपाळावर ठेवायचं आणि तेवढी कातडी आखायची. मेणाचं नाक मुखवटा, कातडीचं नाक नाक. माझं म्हणणं एवढंच, की लहान भागाला अवयवाचं नाव द्या. गाल, डोळा, नाक सगळं असेल तरच मुखवटा.

अलकापुरी
पाटी अशी ठरली: ‘नाक आणि डावा गाल. बसवण्याचा मुखवटा. सिलिकोन, माणसाचे केस, लोहचुंबक.’ तिच्या सरांना ‘लोहचुंबक’ जड वाटतं, नुसतं ‘चुंबक’ करा म्हणतात. भाची म्हणते, तसं केलं तर वर्गातली मुलं हसतील.