काँक्रीट रस्त्याचा चर झाडांच्या मुळांतून जातोय, काय वाचवता येईल?

पार्लेपूर्व_७

आमच्या गल्लीचं काँक्रिटीकरण सुरू होतंय. गल्ली उत्तर-दक्षिण, झाडं पूर्वेच्या फुटपाथवर, फुटपाथ जेमतेम ५ फूट. जमिनीपासून साडेचार फुटांवर टेप लावून घेतलेले घेर: दोन रेन ट्री २.२ आणि १.९ मीटर, सोनमोहर १.६, गुलमोहर १.३. चारही झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत, खाली सिमेंट. केबल आणि पावसाळी गटार यांच्यासाठीचा चर रस्त्याच्या कडेने आखलाय, मोठ्या रेन ट्रीच्या बुंध्यापासून १.२ मीटरवर, ६० सेंमी रुंद, १ मीटर खोल.

कंत्राटदाराकडे नेमकं काय मागायचं? सोसायटीत काही जणांचं म्हणणं आहे की मुळं कापली तर वरूनही निम्मं छाटून टाकू, म्हणजे तोल राहील. हे बरोबर आहे का? शिवाय दोन जागा रिकाम्या आहेत, तिथे काय लावावं तेही सांगा. वरून केबलच्या तारा आहेत.

मूळपुरुष

आधी हिशेब. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास. मोठा रेन ट्री ७० सेंमी, धाकटा ६०, सोनमोहर ५१, गुलमोहर ४१. व्यासाच्या १२ पट त्रिज्येत खोदकाम करू नये असा संकेत आहे. मोठ्या झाडाला तो लावला तर ८.४ मीटर होतात, म्हणजे अख्खी गल्ली आणि समोरच्यांचं कंपाउंडसुद्धा. मुंबईत एवढं कुठेच मिळत नाही, त्यावर शक्ती घालवू नका. भांडायचं ते ३ पटीवर. झाडाला उभं धरणारी जाड मुळं तेवढ्या अंतरात असतात. ७० सेंमीला ते २.१ मीटर होतं, आणि तुमचा चर १.२ वर आहे.

बाजूही वाईट निवडलीय. पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. झाड टिकतं ते वाऱ्याच्या बाजूच्या मुळांच्या ताणावर, तंबूच्या दोऱ्यांसारखं. तुमची झाडं पूर्वेच्या फुटपाथवर म्हणजे रस्ता त्यांच्या पश्चिमेला, आणि चर नेमका त्या दोऱ्यांवरून जातोय. मागे भिंतीचा पाया असल्यामुळे त्या बाजूला मुळं आधीच कमी असणार.

म्हणून पहिली मागणी: चर पश्चिमेच्या कडेला हलवा. आखणी कागदावर आहे तोवर हे होतं, स्लॅब पडायला लागले की नाही.

ते जमत नसेल तर झाडाच्या दोन्ही अंगांना ३ पट अंतरापर्यंत जेसीबी बंद. बकेट मूळ कापत नाही, ओढते. मूळ बुंध्याच्या दिशेने चिरत जातं, फाटलेल्या भागातून बुरशी शिरते, आणि दोन-तीन वर्षांनी झाड पडतं तेव्हा चराची कुणाला आठवणही नसते. तेवढ्या टप्प्यात पहारीने आणि हाताने माती मोकळी करायची, कुदळ जपून. अडीच सेंमीपेक्षा बारीक मूळ आडवं आलं तर करवतीने सरळ कापा. ५ सेंमीच्या वरचं मूळ कापायचं नाही, पाइप त्याच्याखालून सरकवायचा. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात, त्यामुळे पाइप १ मीटरवर असेल तर त्यांच्याखालून जायला जागा मिळते. मधल्या मापाच्या मुळांचा निर्णय मजुरावर सोडू नका, उद्यान विभागाचा माणूस समोर हवा.

उघडी पडलेली मुळं ओल्या गोणपाटाने झाका. एप्रिल-मेच्या उन्हात तंतुमुळं तासाभरात वाळतात. झाडाजवळचा टप्पा ज्या दिवशी उघडला त्याच दिवशी बुजवायचा, आणि तोही निघालेल्या मातीने. डेब्रिज भरू देऊ नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते मिक्सर धुतलेल्या पाण्याकडे. ते आळ्यात ओततात, कारण तीच एक उघडी माती दिसते. सिमेंटचं पाणी अल्कधर्मी असतं, तंतुमुळं जळतात. काम संपेपर्यंत आळ्याभोवती विटांचा एक थर मांडून ठेवा.

पार्लेपूर्व_७

चर हलवण्याबद्दल विचारलं. केबल खालून बोअर करून नेता येईल म्हणतात, पण गटाराला उतार लागतो, त्यामुळे ते हलणार नाही. बुंध्याभोवतीच्या सिमेंटचं काय करू?

मूळपुरुष

उताराचं म्हणणं बरोबर आहे. मग गटार आणि केबल वेगळे करा. केबलचे पाइप बोअरने गेले की चर अरुंद होतो आणि रस्त्याच्या मध्याकडे सरकवायला जागा मिळते. २.१ मिळालं नाही आणि १.७-१.८ मिळालं तरी घ्या, उरलेल्या टप्प्यात हाताने खोदकाम. उतार तसाच ठेवून गटाराची रेषा झाडापुरती वळवता येते, दोन चेंबर जास्त लागतात इतकंच. खर्च वाढतो म्हणून नाही म्हणतील.

बुंध्याभोवती चारही बाजूंना १ मीटर मोकळं हवं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात १ मीटर त्रिज्येतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, तोच आकडा सगळीकडे पुढे केला जातो. ५ फुटांच्या फुटपाथवर गोल आळं काढलं तर चालायला जागाच राहत नाही. तिथे कर्बला समांतर लांबट आळं काढा, बुंध्याच्या दोन्ही अंगांना मीटर-मीटर लांब, रुंदी मिळेल तितकी. चाकाची खुर्ची जाण्याइतकी वाट उरली पाहिजे.

ब्रेकर शेवटच्या एका फुटात वापरायचा नाही, छिन्नी-हातोडा. सिमेंटखाली सालीला चिकटलेली मुळं असतात, सिमेंटबरोबर सालही उपटून येते. सिमेंट निघालं की कडक झालेली वरची ५ सेंमी माती काट्याने हलवा, तेवढंच कंपोस्ट, वर ७-८ सेंमी पालापाचोळा. बुंध्याला टेकवू नका, वीतभर लांब.

आणि कट्टा बांधू नका. बुंध्याभोवती फूटभर उंच मातीचा पार भरला की खोडाची साल कायम ओली राहते आणि कुजते. वडाच्या पारावर वड जगतो म्हणून रेन ट्रीही जगेल असं नाही.

कोयताबंदी

छाटणीचं बोलतो. "मुळं कापली, वरूनही निम्मं कापा" हा सल्ला उलटा आहे. नवी मुळं फुटायला लागणारं अन्न पानांत तयार होतं. दोन्हीकडून कापलं तर झाड दोन्हीकडून उपाशी. मुळांना इजा झालेल्या वर्षी फक्त वाळलेल्या, मोडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. ज्या झाडाची मुळं शाबूत आहेत त्याचाही एका वर्षात पाव हिश्श्याहून जास्त पर्णसंभार काढू नये.

मुंबईत जे दिसतं ते वेगळंच. रस्त्याच्या बाजूच्या आतल्या फांद्या साफ, टोकाला झुपके. वाऱ्याचा सगळा जोर लांब दांड्याच्या टोकाला, मग फांदी काखेतून मोडते. शेंडा उडवणं त्याहून वाईट. त्या जागी डझनभर सरळ फुटवे येतात, ते सालीलाच धरून असतात, आणि चार-पाच वर्षांत मनगटाएवढे झाले की जूनच्या पहिल्या वादळात गाड्यांवर.

जड फांदी तीन कापांत. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, एक तृतीयांश खोल. दुसरा त्याच्या २-३ इंच पुढे, वरून, फांदी पडेपर्यंत. तिसरा उरलेला खुंट काढायला, फांदीच्या मुळाशी जी सुजल्यासारखी कड असते तिच्या लगेच बाहेर. ती कड कापली तर जखम भरत नाही, खुंट ठेवला तर तो कुजतो. कोयत्याने हे होत नाही. जखमेवर डांबर किंवा रंग नको, आपल्या दमट हवेत आतलं पाणी आत राहतं आणि बुरशीची सोय होते.

घरटी बघून घ्या. मोठ्या रेन ट्रींवर बगळे आणि रातबगळ्यांच्या वसाहती पावसाळ्याच्या तोंडाशी बसतात. घरटी-अंडी मोडणं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीत धरलं जातं.

वॉर्डफेरी

कागदाचं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यात झाड तोडणे या शब्दांत जाळणे, कापणे आणि कुठल्याही प्रकारे इजा करणे हे सगळं येतं. म्हणून अर्जात "मुळांना इजा" असं स्पष्ट लिहा. "झाड धोक्यात आहे" एवढंच लिहिलं तर पाहणी होते आणि छाटणीची शिफारस हातात पडते.

अर्ज वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाकडे, प्रत रस्ते विभागाला. जोडायचं काय: झाडांचे क्रमांक आणि घेर, बुंधा ते चर हे अंतर टेपसकट दिसेल असा फोटो, साधा नकाशा. पोच घ्या. काम चालू असताना मूळ कापताना दिसलं तर महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, आणि कुठलंही झाड परवानगीने तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. हे आकडे बैठकीत उपयोगी पडतात, कारण झाड मेलं तर पुढे किती काम मागे लागेल ते समोरच्याला कळतं.

तामणफूल

रिकाम्या दोन जागांसाठी तामण. राज्यपुष्प आहे म्हणून सांगत नाही, सोटमूळ बरं असतं, मापात राहतो आणि पाणथळ माती सोसतो, जी आपल्याकडे चार महिने असतेच. तारांखाली तामणही छाटावाच लागेल, ते नको असेल तर कांचन. बकुळ हळू वाढतो पण वाऱ्याला आणि खाऱ्या हवेला चिवट. समुद्राजवळच्या रस्त्यांवर उंडी आणि भेंड. गुलमोहर पुन्हा लावू नका, लाकूड ठिसूळ आणि आतून पोकळ होतं. आफ्रिकन ट्युलिप नको. वड-पिंपळ फुटपाथवर नकोत, बागेत लावा.

कोयताबंदी

बहावा का नाही सांगितला? सगळे तोच मागतात.

तामणफूल

लावा की, पण पहिली तीन-चार वर्षं तो काहीच करत नाही आणि लोक पाणी घालायचं सोडतात. मुळाशी पाणी साचलेलंही त्याला चालत नाही. खड्ड्यात पाणी भरून बघा, दुसऱ्या दिवशीही उभं असेल तर तिथे तामणच.

खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल. दोन भाग लाल माती, एक भाग कंपोस्ट. तळाला खडी घालू नका, निचरा होईल असं वाटतं पण पाणी मातीच्या थरातच अडकून बसतं. रोप ६ ते ८ फुटांचं, जूनमध्ये दोन-तीन दणदणीत सरी झाल्यावर. पिशवी पूर्ण काढा. आतल्या गोल फिरलेल्या मुळांना तीन-चार उभ्या चिरा द्या, नाहीतर तीच मुळं दहा वर्षांनी बुंध्याला फास लावतात. खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे, खोल गाडलेलं रोप हळूहळू मरतं. पाऊस थांबला की ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर, असे तीन उन्हाळे.

बांबूचा आधार खालच्या एक तृतीयांश उंचीवर, सुतळी सैल. वर्षभरात काढून टाका. लोखंडी जाळी तिसऱ्या वर्षी काढायची. खोडात रुतलेल्या जाळ्या तुमच्याच रस्त्यावर दोन तरी सापडतील. त्या ग्राइंडरने तुकडे करून काढा, खोडात गेलेला भाग उपटू नका.