बाळाला दूध पुरतंय का? पहिल्या दिवसांतले अनुभव लिहा

माझी मावसबहीण नुकतीच बाळंत झाली. पहिलंच बाळ, सिझेरियन. बघायला येणारी प्रत्येक बाई पाय धुवायच्या आधी विचारते, "दूध येतंय ना गं?" आणि बाळ जरा रडलं की, "भूक भागत नसेल त्याची." रात्री ती मला फोन करून रडते. माझ्या एकटीच्या सांगण्यानं तिची काळजी जायची नाही, म्हणून हा धागा. अंगावर पाजताना दूध कमी पडतंय असं ज्यांना वाटलं त्यांनी काय झालं ते लिहा. वरचं दूध द्यावं लागलं असेल तर तेही मोकळेपणानं लिहा. कुणी काय करायला हवं होतं, हे मात्र इथे नको.

सुरुवात मी करते. पहिले दोन दिवस मला पिवळसर, चिकट, थेंब थेंब येत होतं. सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या, हे काही दूध नाही. राउंडच्या सिस्टरनी तो थेंब बोटावर घेऊन त्यांना दाखवला. "आजी, हा चीक. बाळाचं पोट आत्ता एवढुसं आहे, एका वेळी चमचाभर झाला तरी पुष्कळ." दूध भरून यायला दोन ते चार दिवस लागतात, सिझेरियननंतर कधी थोडे जास्त. तोवर बाळाचं वजन जरा उतरतं. दहा टक्क्यांच्या आसपास गेलं तर डॉक्टर लगेच लक्ष घालतात, एरवी दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. सिस्टर म्हणाल्या, रडणं मोजू नका, लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा चांगले ओले लंगोट, आणि काळी शी जाऊन पिवळी. आम्ही कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीनं रेघा मारायचो. सासूबाई सकाळी उठून आधी त्या रेघा बघायच्या. त्यांचा जीव त्या रेघांनीच भांड्यात पडला.

कोल्हापूर, मुलगा पाच महिन्यांचा

आमचं संध्याकाळचं गाऱ्हाणं. दिवेलागणीला सुरू झालं की रात्री दहापर्यंत सोडायचाच नाही. प्यायचा, रडायचा, पुन्हा प्यायचा. छाती अगदी मऊ पडलेली. घरात मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, मग डबा आणायची बोलणी सुरू झाली. बालरोगतज्ज्ञांनी वजन बघितलं, ते छान वाढत होतं. ते म्हणाले, पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत बरीच बाळं संध्याकाळी अशी सारखी पितात. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं; दर वेळी बाटली मध्ये आली तर अंगाला वाटतं, एवढी गरज नाही, आणि खरंच कमी होतं. मग मी संध्याकाळची सगळी कामं सोडली. पाण्याचा तांब्या आणि खाऊचा डबा जवळ घेऊन बसायची. दीड महिन्यानंतर तो आपोआप शांत झाला. तेव्हापासून छाती पूर्वीसारखी टच्च भरत नाही, पण दूध आटलेलं नाही. बाळाच्या मागणीशी अंग जुळतं.

लातूर

मला दूध भरपूर होतं, बाळाला मिळत नव्हतं. निपलला भेगा, पाजायची वेळ आली की घाम फुटायचा. सगळे म्हणायचे, पहिलटकरणीला दुखणारच. शेवटी स्तनपानाचं मार्गदर्शन करणाऱ्या एका बाई घरी आल्या आणि नुसतं बसून बघितलं. बाळ फक्त टोक चोखत होतं. त्यांनी त्याचं पोट माझ्या पोटाला लावलं, नाक निपलच्या समोर आणलं, आणि त्यानं मोठ्ठा आ केला तसं पटकन जवळ घ्यायला लावलं. भोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. मग पहिल्यांदा गिळण्याचा आवाज ऐकला, हलकासा 'क्ख'. दुखतंय म्हणजे सहन करा असं नाही, कुणाला तरी दाखवा.

मुंबई, जुळ्या मुली, बत्तिसाव्या आठवड्यात

आमच्या मुली काचेत होत्या, त्यांना चोखताच येत नव्हतं. दर तीन तासांनी पंप, रात्रीसुद्धा. रात्री दूध बनवणारं संप्रेरक जास्त असतं, म्हणून ती वेळ चुकवू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सुरुवातीला बाटलीचा तळही झाकायचा नाही. तेवढे दिवस मिल्क बँकेतलं दूध मिळालं, दुसऱ्या आयांनी दिलेलं, तपासून आणि पाश्चराइझ करून ठेवलेलं. आपल्याकडे सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली अशी बँक सुरू केली, हे मला तिथल्या बाकावर बसून कळलं. मुलींना उघड्या छातीवर घेऊन तासन् तास बसले की पुढच्या पंपाला दूध वाढलेलं असायचं. घरी आणल्यावर माझं त्यांना पुरून उरायला लागलं, तेव्हा मी त्याच बँकेत देऊन आले. त्या दिवसाइतकं बरं मला बाळंतपणात कधीच वाटलं नाही.

नागपूर

मला खरंच कमी होतं. हेही कुणीतरी लिहायला हवं.

पकड बरोबर होती, दिवसातून दहा-बारा वेळा पाजत होते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, खसखस, सगळं झालं. तरी तिसरा आठवडा लागला आणि वजन जन्माच्या वजनावर आलं नाही. लंगोट कोरडे राहायला लागले. डॉक्टरांनी माझी तपासणी केली, थायरॉइड बिघडलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या, दूध थोडं वाढलं, पुरेसं झालं नाही. मग आधी अंगावर आणि नंतर वाटी-चमच्यानं फॉर्म्युला, असं ठरलं. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी आणि तेवढीच पावडर. डबा पुरवायला पातळ करायचं नाही. आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं या पावडरीच्या जाहिरातीला बंदी आहे आणि आईचं दूध सर्वोत्तम हे डब्यावर छापावंच लागतं. कायदा योग्यच आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण रात्री तीन वाजता ते वाक्य वाचणाऱ्या बाईला एवढं तरी कळू दे की बाळ उपाशी ठेवणं हा कशावरच उपाय नाही. माझी मुलगी आता वर्षाची होईल, अजून झोपताना अंगावर पिते.

सोलापूर जिल्हा, आजी (नात टाइप करतेय)

आमच्या वेळी चीक पिळून टाकायचे आणि बाळाला मध-गूळपाणी चाटवायचे. आता आशाताई येऊन सांगतात, पहिल्या तासात छातीला लावा, सहा महिने पाणीसुद्धा नको, मध तर वर्षभर नको. मी लेकीच्या बाळंतपणात तसंच केलं. खायला बाजरीची भाकरी, शेपू, लसूण, तूप घातलेला गरम भात. त्यानं दूध वाढतं का ते डॉक्टर सांगतील, पण बाळंतिणीला वेळेवर ताट हातात मिळालं पाहिजे. आणि तिच्या देखत दुधाचा विषय काढायचा नाही, हे मी पाहुण्यांना दारातच सांगत होते.

पुणे, बाबा

ढेकर काढणं, लंगोट, रात्री बाळ उचलून बायकोच्या हातात देणं, हे माझ्याकडे होतं. एकदा तिला ताप भरला, छातीचा एक भाग लाल आणि गरम. तिला वाटलं आता पाजायचं बंद. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि त्याच बाजूनं पाजत राहा म्हणाले. बाबा लोकांनो, थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

धागाकर्ती

बहिणीला सगळं वाचून दाखवलं. ती विचारतेय, बाळ चार-चार तास झोपलं तर उठवायचं का?

लातूर

जन्माचं वजन परत येईपर्यंत हो, दोन-तीन तासांनी. दुपटं सोड, लंगोट बदल, तळपाय चोळ. तरीही सुस्त राहिलं, ओढेनासं झालं किंवा अंग पिवळं दिसलं तर घरी थांबू नका, लगेच दाखवा. आणि कालनिर्णयवर रेघा मारायला घे.