‘पित्या, तू क्रुसावर प्राण दिलास’ : चालतं का हे?

नगरकर : काल इथे एकांनी लिहिलं, "प्रार्थना मनापासून हवी. पित्याला हाक मारली काय नि येशूला काय, त्रैक्याचं पाळकांनी बघावं." त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तिघे, पण देव एकच. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. मागच्या आठवड्यात एका अंत्यविधीत ऐकलं, "हे पित्या, तू आमच्यासाठी क्रुसावर प्राण दिलास." सगळे आमेन म्हणाले! अहो, प्राण पुत्राने, म्हणजे येशूने दिला. आपण पित्याकडे जातो, पुत्राच्या द्वारे, आत्म्याच्या साहाय्याने. ही वाट पुसली की 'येशूच्या नावाने' हे नुसतं शेपूट उरतं. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याच्यावर लोक तुटून पडले ते एवढ्यावरूनच. उपासनेत पित्याचा गौरव 'पुत्राच्या द्वारे, आत्म्यामध्ये' म्हणायचा की 'पुत्रासह, आत्म्यासह'? तो दोन्ही म्हणायचा. त्यासाठी त्याने अख्खा ग्रंथ लिहिला.

वसईची सून : बासिल राहू द्या. माझ्या सासूबाई पहाटे गॅस पेटवण्याआधी कपाळ, छाती, दोन्ही खांदे अशी क्रुसाची खूण करतात. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. ओल्या बोटांचं पाणी कपाळावर राहतं. त्यांना त्रैक्य समजावून सांगता येणार नाही, पण दिवस त्याशिवाय सुरू होत नाही. आणि बायबलमधला पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन, लोक दगड मारत असताना थेट "प्रभू येशू" म्हणाला. त्याचीही चूक काढणार का?

नगरकर : येशूला हाक मारू नका असं मी कुठे म्हटलं? नीट वाचा तरी.

कोल्हापूरकर : मुळात 'पिता' शब्दानेच घोळ केलाय. आजी "आकाशातील बापा" म्हणायची. 'बापा' म्हटलं की समोर कुणीतरी बसलेलं वाटायचं. 'पित्या' फक्त उपासनेत, घरात कोण म्हणतं?

जालन्याची लेक : तुमचा बाप चांगला असेल. माझा पिऊन यायचा, पट्टा काढायचा. प्रभूच्या प्रार्थनेत पहिल्याच ओळीतल्या 'पित्या'ला माझी जीभ अडते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, त्यावर मी तगले.

कोल्हापूरकर : म्हणून सगळ्यांनी बाप सोडायचा?

जालन्याची लेक : सोडा कोण म्हणालं? माझ्यावर लादू नका!

नगरकर : ताई, "ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं," हे येशूचेच शब्द, बायबलमध्ये योहान 14:9. पिता कसा आहे ते तुमच्या वडिलांवरून ठरत नाही, पुत्रावरून ठरतं. त्रैक्य इथेच तर कामाला येतं.

जालन्याची लेक : ओळ बरोबर आहे, मान्य. पण ती सांगायला तुम्हाला एक मिनिट लागलं. मला वीस वर्षं लागतायत.

बीडवाला : नगरकर, ती प्रार्थना मी केली. माझी आई होती ती. शेवटचे दोन दिवस तोंडावर मास्क, शब्द नाही, नुसतं कण्हणं. मी तिचा हात धरून बसलो होतो, मलाही काही सुचत नव्हतं. अंत्यविधीत कोणाला काय म्हणालो, आठवत नाही.

नगरकर : माफ करा, भाऊ. तुमचं वाक्य इथे आणायला नको होतं. मुद्दा मात्र मी सोडत नाही. मंडळीने, म्हणजे चर्चने शिकवायला हवं, आणि चुकलो ते आमेन म्हणणारे आम्ही. बायबलमधलं रोमकरांस पत्र 8:26 तुम्हाला माहीत असेलच, आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. त्या खोलीत प्रार्थना चालूच होती.

बीडवाला : हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.